पाळीवरची पावलं

पहाटे पावणेपाचला मी दाराची कडी काढतो तेव्हा गल्लीतलं कुत्रं मान वर करून एकदा बघतं आणि पुन्हा शेपटीत तोंड खुपसतं. पहिला महिनाभर ते भुंकायचं. पंचावन्नाव्या वर्षी माणूस अंधारात बूट घालून पळायला निघतो, हे त्याला पटत नव्हतं. आता पटलंय असं नाही, सवय झाली आहे. घरच्यांचंही तसंच.

रामटेकची पहाट गडापासून सुरू होते. उजेड यायच्या आधी टेकडीचा नुसता काळा आकार दिसतो आणि वर देवळाचे एक-दोन दिवे. ही टेकडी घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे आणि तिच्या पोटात अंबाळा तलाव आहे. गाव बाहेरच्या अंगाला, तलाव आतल्या अंगाला. त्यामुळे गावातून अंबाळ्याकडे वळलं की गाव पाठीमागे असं काही पुसलं जातं की चार पावलांपूर्वी आपण नळाच्या रांगेतल्या बादल्या चुकवत होतो हे खरं वाटत नाही.

मी हळू पळतो. इतकं हळू की कधीकधी दूध घालणारा सायकलवाला सोबतीला येतो, दोन गोष्टी बोलतो आणि त्याला कंटाळा आला की पुढे निघून जातो.

अंबाळ्याच्या काठी मात्र पळायचं नाही, हा नियम मला कुणी घालून दिलेला नाही. दगडी घाट, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, काठाने उभी असलेली लहानमोठी देवळं. अंब नावाच्या राजाचं कोड या पाण्याने गेलं अशी गोष्ट सांगतात. पण पहाटे तिथे येतात ते रोग घालवायला नाही, माणूस पोचवायला. लांबून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं, नुकतंच डोकं भादरलेला एखादा मुलगा. त्यांच्या शेजारून धापा टाकत, घाम गाळत जायचं मला जमत नाही. मी चालायला लागतो. आणि एकदा पाहिलं, माझ्या पुढे सात-आठ पोरं पळत होती, एरवी आरडाओरडा करणारी. घाटाजवळ येताच तीही चालायला लागली. कुणी कुणाला सांगितलं नाही. घाट संपला, पहिलं चिंचेचं झाड आलं, आणि पुन्हा पाय सुटले.

ही पोरं म्हणजे माझे पहाटेचे सोबती. रामटेकच्या आसपासच्या रानवाटांवर कोण पळतं, असं मला कुणी विचारलं तर मी आधी यांचं नाव घेईन. रविवारी नागपूरहून गाड्या येतात. त्यातून पाठीवर पाण्याच्या पिशव्या बांधलेली, चकचकीत बुटांची मंडळी उतरते. ते पायवाटेला ट्रेल म्हणतात. माझी तक्रार नाही. त्यांच्यामुळेच मला कळलं की मी गेली चार वर्षं जे करतोय त्याला ट्रेल रनिंग म्हणतात. पण सोमवार ते शनिवार ही वाट भरतीवाल्यांची असते. पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मुलाने 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत काढलं तर पैकीच्या पैकी गुण, मुलीने 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत काढलं तर तिलाही. त्यापुढे एकेक टप्पा घसरला की गुण घसरतात. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. पाढे तितके पाठ नाहीत. हे मी शिक्षक म्हणून सांगतो.

घाट सोडला की वाट रानात शिरते. खाली मुरूम आहे. मुरमावर पाय छान बसतो, डांबरासारखा हादरा उलटून गुडघ्यात येत नाही. वर साग, ऐन, धावडा, मधूनच मोह आणि तेंदू. अंधारात झाडं ओळखायची तर पायांनी. माघ-फाल्गुनात सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडतं आणि आवाज इतका होतो की आपल्यामागे कुणी येतंय असं वाटून मान वळते. पळसाच्या पानाचा आवाज जाड, दबका. मोहाखाली आवाजच नसतो, कारण फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा लोकांनी आधीच झाडून जाळून घेतलेला असतो. तिथे पाय राखेत पडतो. चैत्रात राखेवर टपटपलेली मोहफुलं आणि त्यांचा तो गोडसर, आंबूस, थोडासा डोक्यात जाणारा वास. उपाशीपोटी पळताना तो वास आला की भूक लागल्यासारखंही होतं आणि मळमळल्यासारखंही.

त्या दिवसांत मी आवाज करत पळतो. खाकरतो, काठी आपटतो, एखादं जुनं भावगीत म्हणतो. अस्वलालाही मोह आवडतो, आणि त्याच्या न्याहारीत पाहुणा म्हणून जाण्याची माझी इच्छा नाही. बिबट्या आहेच, पेंचचं जंगल फार लांब नाही. एकदा ओल्या चिखलात ठसे दिसले, माझ्या कालच्या बुटाच्या ठशावर अर्धवट उमटलेले. म्हणजे मी गेलो त्यानंतर तो गेला. मी घरी सांगितलं नाही. इथे लिहितोय, म्हणजे आता कळेलच.

या वाटेने मला शिकवलेल्या गोष्टी अगदी बारीक आहेत. रातवा पक्षी पहाटे वाटेच्या मधोमध बसलेला असतो आणि विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे दिसतात. आपण अगदी जवळ गेल्यावर तो मुकाट्याने उडतो आणि पुढे जाऊन पुन्हा वाटेवरच बसतो, पुन्हा उडतो, पुन्हा बसतो. जणू त्यालाच आपल्याला रस्ता दाखवायचा आहे. बिब्याच्या झाडाला टेकायचं नाही, चीक लागला तर कातडी फोडांनी भरते. आणि आश्विनात जो सगळ्यांत आधी वाटेवर येतो त्याच्या तोंडावर कोळ्यांची जाळी येतात. दोन झाडांमध्ये, बरोबर माणसाच्या नाकाच्या उंचीवर, मोठमोठी, पिवळसर झाक असलेली, चिवट. तोंडावर आली की सोडवता सोडवत नाहीत. म्हणून आश्विनात पोरं मला म्हणतात, "सर, तुमी जा न समोर." विद्यार्थ्यांनी गुरूला पुढे घातल्याचं हे एकमेव कारण असलं तरी मी ते मान म्हणून घेतो.

रानातून बाहेर पडलं की तलाव येतो. खिंडसी नव्हे, खिंडसी मोठा, प्रसिद्ध, 1913 साली सूर नदीवर बांधून झालेला. तिथे होड्या आहेत, रविवारी गर्दी आहे. मी म्हणतो तो रानाच्या कडेचा एक जुना तलाव आहे, त्याला धड नावही नाही, लोक नुसतं तलाव म्हणतात. त्याची पाळ मातीची, कमानीसारखी वळलेली, वर करंज आणि बाभळी. पोरांनी टेप लावून ती मोजली आहे. जाऊन-येऊन एक फेरी बरोबर चारशे मीटर भरते अशा ठिकाणी दोन दगडांना चुना फासून ठेवला आहे. दोन फेऱ्यांत मुलींचं 800, चार फेऱ्यांत मुलांचं 1600.

मी पाळीवर पोचेपर्यंत उजाडलेलं असतं आणि पोरांचं अंग गरम झालेलं असतं. मग मला पळू देत नाहीत. "सर, तुमी इथंच उभे राहा न, आमचं टायमिंग घ्या." मोबाईलवर बोट ठेवून मी चुन्याच्या दगडापाशी उभा राहतो. असं करत करत माझं पळणं कमी झालं आणि उभं राहणं वाढलं.

उभ्या माणसाला विचार सुचतात. पळताना सुचतात असं लोक सांगतात, मला पळताना फक्त श्वास सुचतो.

पहिला विचार पाळीचा. आमच्या पूर्व विदर्भात जंगल आपोआप उगवलेलं आणि तलाव मात्र माणसाने केलेले. गाव तिथे तलाव, बोडी. मालगुजारांच्या ताब्यातले म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणायचे, आणि देखभाल गावच करी. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ तेवढा गावाचा राहिला. पण या पाळी बांधल्या कशा? यंत्र नव्हतं. टोपल्यांनी माती आणून टाकायची, पाणी शिंपडायचं आणि माणसांनी, बैलांनी, म्हशींनी तिच्यावर फेऱ्या घालायच्या. माती तुडवून तुडवून घट्ट करायची. म्हणजे ज्या पाळीवर हा पोरगा आत्ता ऊर फुटेस्तोवर पळतोय ती मुळात पावलांनीच घडलेली. तो स्वतःचं टायमिंग कमी करतोय आणि पाळ थोडी आणखी घट्ट करतोय. पाटबंधारे खात्याकडे याची नोंद नसेल.

पावलांवरूनच आठवलं. रामटेकचा सगळा इतिहास पावलांभोवती फिरतो. पाचव्या शतकात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीने इथलं राज्य बघत होती. तिचा एक ताम्रपट रिद्धपूरला सापडला आहे. दान कुठून दिलं, हे त्यात लिहिलं आहे: रामगिरीस्वामीच्या पायांपासून. राजवाड्यातून नव्हे, राजधानीतून नव्हे. गडावर केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांच्याच काळचा शिलालेख आहे, त्यात एका तलावाचं नावही येतं, सुदर्शन. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही इथे कुणीतरी माती तुडवत होतं.

आणि कालिदास. त्याच्या यक्षाने जिथे वर्षभराची शिक्षा भोगली तो रामगिरी म्हणजे आमचं रामटेक, हे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी ठासून मांडलं. छत्तीसगडात सरगुज्याच्या रामगडचाही त्यावर दावा आहे. वादात मी पडत नाही. मी मिराशींच्या बाजूने आहे आणि मी रामटेकचा आहे, यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता ते वाचकांनी ठरवावं. पण मेघदूतात डोंगराच्या उतारावर रामाच्या पावलांचे ठसे आहेत आणि इथलं पाणी सीतेच्या स्नानाने पवित्र झालेलं आहे, एवढं कालिदासाने सांगून ठेवलं आहे. डोंगर, पाऊल आणि पाणी. आमची पहाटेची फेरी याहून वेगळी काय आहे?

वर्गात मेघदूताची गोष्ट सांगताना मी विरह, शृंगार, प्रकृतीवर्णन असं रीतसर सांगत आलो. पाळीवर उभा राहायला लागल्यापासून मला तो वेगळाच दिसतो. बायकोला निरोप पाठवताना यक्ष ढगाला जे सांगतो तो लांब पल्ल्याच्या धावणाऱ्याला द्यायचा सल्ला आहे. दमलास की डोंगरमाथ्यावर पाय टेक. पाऊस पाडून हलका झालास की नदीचं पाणी पी, नाहीतर वारा तुला भिरकावील. रेवेला अमुक ठिकाणी भेट. विदिशेला जा. उज्जैन वाटेवर नाही, थोडं आडबाजूला पडतं, तरी जा, चुकवू नकोस. पाणी कुठे, विसावा कुठे, वळण कुठे, सगळं ठरवून दिलेलं. हल्लीच्या मॅरेथॉनवाल्यांचा नकाशाही इतका नीट नसतो.

आणि यातली गंमत अशी की निरोप तातडीचा आहे. तिकडे अलकेत त्याची बायको एकेक दिवस मोजते आहे. शाप सरायला चार महिने उरलेत. यक्ष म्हणतोही की मित्राचं काम अंगावर घेतलेली माणसं रेंगाळत नाहीत. आणि त्याच तोंडाने सांगतो, उज्जैनवरून जा. घाई कर आणि वाट वाकडी कर. याचा मेळ मला पुस्तकात कधी लागला नव्हता.

वाट वाकडी करण्यावरून आणखी एक जण आठवतो. आठशे वर्षांपूर्वी भडोचहून हरपाळदेव नावाचा एक तरुण रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाला. वाटेत रिद्धपूरला त्याला श्रीगोविंदप्रभू भेटले आणि तो पुरता पालटला. पुढे तोच महानुभावांचा चक्रधर झाला. त्याच्या मागोमाग लीळाचरित्र आलं, मराठी गद्य आलं. रामटेकचं निमित्त नसतं तर? आम्ही रामटेककर पुष्कळ गोष्टींचा अभिमान बाळगतो, पण कुणीतरी आमच्याकडे यायला निघालं आणि मधेच थांबलं, म्हणून मराठीचं भलं झालं, याचा अभिमान बाळगणारा मी एकटाच असेन.

पोरांना हे सांगून उपयोग नाही. त्यांना 5 मिनिटं 10 सेकंदांत उज्जैन करायचं नाही. एकदा मी मोह आवरला नाही. श्वास राखून पळा, पहिल्या फेरीत सगळं उधळू नका, हे पटवायला मी ढगाचं उदाहरण दिलं. पोरांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. मग एक म्हणाला, "सर, त्या ढगाले कटऑफ होता का?"

मी निरुत्तर झालो. अजून आहे.

खरं सांगायचं तर मला या पोरांसमोर थोडी लाज वाटते. मी पोटासाठी कधी पळलो नाही. ज्या काळात मी बी.एड. केलं त्या काळात नोकरी बसून मिळायची. मी पळतो ते साखर आटोक्यात राहावी म्हणून, झोप यावी म्हणून, आणि आता आवडतं म्हणून. गडावर एक भलामोठा दगडी वराह आहे, त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायची रीत आहे. पापी असेल तो अडकतो म्हणतात. गेल्या वर्षी मी दहा वर्षांनी निघालो. पाप तेवढंच आहे, पोट कमी झालंय. माझ्या पळण्याचं फळ हे एवढंच. त्यांच्या पळण्यावर घरातल्या चार माणसांची गणितं टांगलेली असतात. बापाची दीड एकर कोरडवाहू जमीन, बहिणीचं लग्न, दर साली भरती निघेल की नाही याचा घोर, आणि वयाची अट.

टेकडीवर धूम्रेश्वराचं देऊळ आहे. शंबूकाची ती जागा म्हणून दाखवतात. त्याने तप केलं, त्याला तो अधिकार नाही म्हणून त्याचा जीव घेतला गेला, आणि मरताना त्याने मागून घेतलं की माझी पूजा आधी व्हावी, रामाची नंतर. आमच्याकडे ही गोष्ट अशी सांगतात. लहानपणी मला त्या गोष्टीतला वर मोठा वाटायचा. आता वराच्या आधी जे घडलं त्यावर मन अडतं. चढू पाहणाऱ्याला खाली खेचायचं आणि मग त्याचं देऊळ बांधायचं. पहाटे पाळीवर पळणाऱ्या पोरांत बहुतेक घरं अशी आहेत की ज्यांच्या आज्या-पणज्यांना कुठल्याच पायरीवर सहज पाऊल ठेवू दिलं गेलं नाही. इथे चुन्याचा दगड सगळ्यांना सारखा आहे. मोबाईलमधले सेकंद आडनाव विचारत नाहीत. अंतिम यादी लागते तेव्हा काय काय विचारलं जातं तो भाग वेगळा. पण या चारशे मीटरपुरतं तरी तसं आहे आणि मला ते पाहायला आवडतं.

त्यांत एक मुलगी आहे. चार-पाच किलोमीटरवरच्या गावातून सायकलने येते. सगळ्यांच्या आधी येते आणि सायकल करंजाला टेकवून एकटीच चालत राहते. बोलत नाही फार. चैत्रात ती कधी कधी उशिरा यायची आणि आली की ओढणीला राख लागलेली असायची. मोहफुलं वेचायला घरचे सगळे अंधारातच निघतात, तीही निघते. दोन तास कमरेत वाकून फुलं वेचून, ती घरी टाकून, मग सायकल मारत इथे. मग 800 मीटर. त्या दिवसांत तिचं टायमिंग 3 मिनिटं 20 सेकंदांच्या खाली उतरत नव्हतं. ती दगडाजवळ येऊन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून विचारायची, "किती आलं, सर?" मी सांगायचो. ती म्हणायची, "काहून वाढलं बा?" जणू मोह वेचण्याचा आणि याचा काही संबंधच नाही.

तिला पाहत असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, किंवा कानात आली. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा जड पडतो. मुरमावर आवाज येतो तो ठप-टप, ठप-टप असा लंगडा. मला वाटलं, काही दुखणं असेल, लहानपणी पाय मोडला असेल. विचारावं की नाही, यात आठवडा गेला. शेवटी विचारलंच. ती सायकलकडे बघून म्हणाली, "उजवं पायडल तुटलं हाय न सर. नुसता दांडा हाय. सगळा जोर डाव्यावरच येते."

मी म्हटलं, पायडल बसवून घेऊ. फार पैसे लागत नाहीत. ती म्हणाली, "बसवतो." विदर्भात मुलीही बसवतो म्हणतात, करतो म्हणतात. मी तिच्या हातात पैसे ठेवणार होतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहून खिशातला हात खिशातच राहू दिला. पायडल तिने पुढच्या महिन्यात बसवलं, स्वतःच्या मोहाच्या पैशांतून. पण पायाला लागलेली सवय अशी लगेच कुठे सुटते.

यक्षाबद्दल आणखी एक गोष्ट मला पाळीवरच कळली. एवढी वाट त्याला पाठ. नद्या, गावं, देवळं, कुठल्या गच्चीवर पारवे झोपतात तेही. पण तो स्वतः जागेवरून हलत नाही. हलू शकत नाही. दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने जायचं. शिक्षकाचं काम मला इतक्या नेमक्या शब्दांत कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं मी दगडापाशी उभा आहे. मागे कुणी कुठे पोचलं, कुणी मधेच थांबलं, कुणाचं उज्जैन झालं. क्वचित निरोप येतो. बहुतेकांचा येत नाही.

आज पंचांगात आषाढाचा पहिला दिवस. गावात कालिदास दिनाची तयारी आहे, संध्याकाळी भाषणं होतील, एक भाषण माझंही आहे. पाऊस मात्र अजून धड लागलेला नाही. मृगात दोन शिंतोडे आले तेवढेच. गेले आठ दिवस उकाड्याने जीव नको केला होता आणि साडेपाचलाच अंगाची लाही व्हायची. पहाटे निघालो तेव्हा गडावरचे दिवे दिसेनात. आधी वाटलं, वीज गेली. मग अंबाळ्याच्या वळणावर चेहऱ्याला ओल लागली आणि कळलं, टेकडीवर ढग उतरलेत. पाऊस नाही, थेंब नाही. नुसता ढग, टेकडीला पोटाशी धरून बसलेला.

रानात आज पानांचा आवाज नव्हता. सगळं दबून गेलेलं. टिटवी कुठेतरी ओरडत होती, म्हणजे पाणी जवळ होतं. पाळीवर पोचलो तर पाळ दिसेना. करंजाची पहिली तीन झाडं होती, चौथ्यापासून पुढे पांढरं. तलावही नाही. पोरं चुन्याच्या दगडापाशी घोळका करून उभी होती, खिदळत होती. एकाने मोबाईल वर धरून फोटो काढला, त्यात काहीच आलं नाही म्हणून तो खूश.

"सर, आज घ्यायचं का टायमिंग?"

"तुम्ही सांगा."

"घेऊन टाका. भरतीच्या दिवशी असंच असलं तर?"

मुलांचं झालं. चार फेऱ्या. ढगात गेले, ढगातून आले, पुन्हा गेले. नंबर सांगून झाले. मग ती पुढे आली. ओढणी कमरेला खोचली, बुटाची नाडी दोनदा आवळली. मी बोट ठेवलं. "चल."

चौथ्या करंजाशी ती दिसेनाशी झाली. पलीकडच्या दगडापाशी एक पोरगा उभा केला होता, त्याने आवाज द्यायचा असं ठरलेलं. त्याचा आवाज आला, "पयला!" मग ती परत येत असणार. आली, समोरून गेली, चेहरा लाल, नजर पुढे. वळसा घालून पुन्हा ढगात. पुन्हा "पयला" आलं; तो दुसरा म्हणायला विसरला होता. आणि मग काही नाही. मोबाईलवर दोन मिनिटं होऊन गेली. पोरं गप्प झाली. समोर नुसतं पांढरं. मी दोन पावलं पुढे सरकलो, मग आठवलं की दगड सोडायचा नाही, मागे आलो.

आधी पाळ कळली. तळव्याखाली मातीला बारीकसा हादरा. मग आवाज, लांबून, ओला, मुरमावरचा.

ठप-टप. ठप-टप.

मी बोट बटणावर नेऊन ठेवलं.